पाच साखळ्या, बारा आणे

१५ जानेवारी १९७८, रविवार

हे पुस्तक चतुरानं दिलं. काल संक्रांत झाली, आज तिळगूळ घ्यायला उस्मानपुऱ्याहून आली आणि पिशवीतनं हे काढलं. सरकारी डायरी आहे. म्हणाली, आज्जी, तू दिवसभर बोलत असतीस आणि ऐकायला घरात एक मांजर, तर ते इथं लिहीत जा. मी म्हणलं, अगं माझी शाळा दोन वर्षांची, तीपण सुगी सोडून. तर म्हणती, म्हणूनच लिही, मला वाचून हसायला काहीतरी पाहिजे. अशी आगाऊ पोरगी.

पहिल्या पानावर तिनं घालून दिलंय, ‘आज्जीसाठी, १५ जानेवारी’. त्या पंधरातला पाच बघून मला लई बरं वाटलं. पाचाची शेपटी वर वळलेली, शेळीच्या शेपटीसारखी. ती मी शिकवलेली. ही चार वर्षांची असताना परातीत बाजरीचं पीठ पसरून तिच्याकडून आकडे गिरवून घेतले होते. पुढं मास्तरांनी छड्या मारल्या तरी शेपटी काय खाली गेली नाही.

चतुरा म्हणजे माझ्या रामकिसनची थोरली. रामकिसन शहरात नोकरीला, बिऱ्हाड उस्मानपुऱ्यात. मी इथं मुकुंदवाडीला मळ्यात एकटी, माझी मोसंबी आणि मी. चतुरा ऑगस्टापासून मोजणीच्या कचेरीत कारकून झालीय. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी पहिली बाई. नोकरी अजून कच्ची आहे, मार्चात पक्की होणार.

काम काय, तर निजामाच्या वेळी जमिनी मोजल्या त्या साखळीनं. ते जुने कागद काढायचे आणि साखळीचे मीटर करायचे. कागदांच्या डोक्यावर उर्दूत लिहिलेलं असतं, ते आता कचेरीत कुणालाच येत नाही, पण आकडे मराठी आहेत. चतुरा म्हणाली, लई सोपं असतं आज्जी, एक साखळी म्हणजे दहा मीटर सहा सेंटिमीटर, आकडा बघायचा, गुणायचं, लिहायचं. बाकीचे दिवसाला आठ कागद करतात, ही वीस. सायबानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, ह्या मुलीकडून शिका. चार गावं तिच्या एकटीकडं दिलीत, त्यात आपली मुकुंदवाडी पण.

मी हे गल्लीत सगळ्यांना सांगून आले. बानाबाईला दोनदा सांगितलं, पहिल्यांदा तिचं ध्यान शेळीकडं होतं.

२० जानेवारी, शुक्रवार

चार दिवस लिहायला काही नव्हतं. मोसंबीला पाणी दिलं, मांजर व्याली.

आज बानाबाई सांगत होती, तिच्या दोन्ही पोरांना वाटणी पाहिजे. म्हणून बिरूनं सरकारी मोजणी मागवलीय. बिरू तिचा नवरा. त्यांचे बापजादे मेंढरं घेऊन हिंडायचे. बिरूच्या बापानं आमच्या बांधाला लागून जमीन घेतली आणि इथं टेकले. आमची विहीर चतुराच्या आजोबांनी पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी खणली, चाळीस हात. तेव्हा बिरूनं तीन महिने खाली उतरून टिकाव मारला आणि मजुरी घेतली नाही, म्हणाला पाणी द्या. तेव्हापासून बानाबाई आमच्या विहिरीवर भरती. रोज घागर घेऊन येती, काठावर थांबती आणि विचारती, ‘अक्का, भरू का?’ मी म्हणते, भर. तीस वर्षं होत आली, एक दिवस न विचारता पोहरा सोडला नाही. मी कितीदा म्हणलं, नको गं विचारू. तर म्हणती, विचारल्यावर पाणी गोड लागतं.

वाटण्या लई वाईट. पण घरोघरी तेच.

२७ जानेवारी, शुक्रवार

रागात लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

आज मोजणी झाली. त्रिंबक म्हणून मोजणीदार आहे, डोक्यावर टोपी, तोंडात पान. बरोबर दोन माणसं आणि नवी चकचकीत मीटरची साखळी. बिरूची जमीन मोजायची तर आमच्या कडेनं मोजावं लागतं, म्हणून रस्त्याच्या दगडापासून सुरू केलं. आमचा सर्वे नंबर ५५, रस्त्याच्या दगडापासून बिरूच्या बांधापर्यंत आमची रुंदी. ती माणसं साखळी ओढत गेली, मोसंबीच्या तीन ओळी गेल्या, चौथीत घुसली आणि विहिरीच्या अलीकडंच थांबली. त्रिंबकनं तिथं चुना टाकला, खुंटा ठोकला. म्हणाला, ही हद्द.

बांधापासून चौदा हात आत. माझी अख्खी विहीर, मोसंबीची एक ओळ, मोटारीची खोली, सगळं बिरूच्या अंगाला.

मी म्हणलं, बाबा, बांध तिकडं आहे, दिसत नाही का. तो म्हणाला, आजी, बांध माणसं सरकवतात, कागद सरकत नाही. मग कागद वाचून दाखवला, जुनी रुंदी पाच पॉइंट बारा साखळी, तिचे साडेएक्कावन्न मीटर. कचेरीतनं हे असं पक्कं होऊन आलंय, खाली सायबाची सही.

म्हणजे आम्ही बांध सरकवला. माझा नवरा, ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं नाही, तो बांध सरकवणारा. तो जाऊन नऊ वर्षं झाली, आता त्याला चोर करतात, ते पण पान चघळत.

बिरू बाजूला उभा होता. त्याला म्हणलं, बिरू, तू तरी बोल. तो जमिनीकडं बघून म्हणाला, ‘वहिनी, मी काय केलं? सरकारनं दिलं.’

२८ जानेवारी, शनिवार

सकाळी बानाबाई घागर घेऊन आली. मी ओसरीवरनं बघत होते. काठावर थांबली. कागदाप्रमाणं विहीर तिची. आता ती मला विचारणार का मी तिला विचारायचं, हे तिला पण कळंना आणि मला पण. बराच वेळ उभी राहिली आणि रिकामी घागर घेऊन परत गेली.

मी पण हाक मारली नाही. मला वाटतं बिरूनं कचेरीत कुणाला तरी खाऊ घातलं. बिरू तसा नाही. पण मग दुसरं काय?

दिवसभर त्या कारकुनाचा विचार करत होते, ज्यानं हा आकडा केला. त्याच्या हाताला काय झालं होतं, चहाचा कप होता का पत्त्यांचा डाव. ह्या लोकांना खुर्ची मिळाली की जमीन म्हणजे कागद वाटतो. त्यानं कधी विहीर खणलीय का? चाळीस हातावर पाणी लागलं तेव्हा चतुराचे आजोबा आणि बिरू दोघं खालनं वरडले होते, मी वरनं गूळ खाली सोडला होता. त्याचं मीटर करून दाखव म्हणावं.

२९ जानेवारी, रविवार

बरं झालं चतुरा आली. आपलं माणूस कचेरीत असल्यावर काय कमी आहे.

तिला सगळं सांगितलं. मी बोलत होते तशी ती ऐकत होती, मधी एकदाच विचारलं, सर्वे नंबर किती म्हणालीस. पंचावन्न, मी म्हणलं, तुला माहीत नाही का. पुरणपोळी केली होती, अर्धी खाऊन ताट सरकवलं. मी म्हणलं बघ, माझ्या दुःखानं पोरीचं जेवण गेलं.

मग तिच्याकडनं अर्ज लिहून घेतला. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. काय अक्षर, छापल्यासारखं. मी लिहायला लावलं की आमच्यावर अन्याय झाला, माझ्या मयत नवऱ्याची बदनामी झाली, हद्द परत मोजा. शेवटी सांगितलं, ज्या कारकुनानं हे केलं त्याला नोकरीवरून काढा.

तिचा पेन थांबला. म्हणाली, ‘काढा, असंच लिहू?’

‘असंच लिही. एका घरात चूल बंद झाली की बाकीचे शंभर नीट मोजतील.’

तिनं लिहिलं. मग म्हणाली, आज्जी, हा लगेच देऊ नको, आठ दिवस थांब, मी आत चौकशी करते. मी म्हणलं बरं. जाताना माझ्या पाया पडली. पाया कशाला पडली कुणास ठाऊक, सण नाही, वार नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

चतुरा आली नाही. निरोप पण नाही.

बसून राहायचा माझा स्वभाव नाही, म्हणून पत्र्याच्या पेटीतनं जुनी नक्कल काढली. चतुराच्या आजोबांनी विहीर खणायच्या आधी काढून आणली होती. आमच्या पंचावन्न नंबराचं चित्र आहे आणि कडेकडेनं आकडे. जोडीनं आहेत, दोन दोन, मधी बारीक रेघ. रस्त्यापासून बांधापर्यंतची ती रुंदी, ५-१२. नाल्याकडच्या दोन दगडांमधी २-०. बाकी ठिकाणी ६-९, ४-१५, ३-४, असे. डोक्यावर उर्दू.

चष्मा लावून एकेक बोटानं बघत होते. पहिला आकडा कसापण आहे. पण दुसरा कुठं चार, कुठं नऊ, कुठं पंधरा, आणि सोळा कुठंच नाही. सतरा नाही, वीस नाही. पंधराच्या पुढं पाऊलच टाकत नाही. मी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

आणे आहेत ते. सोळावा आणा झाला की पुढची साखळी लागती, मग सोळा लिहिणार कोण? आणि त्या गाढवानं रेघेचा पॉइंट केला. पाच साखळ्या बारा आणे म्हणजे पावणेसहा साखळ्या. ह्यानं केल्या पाच आणि वर चिमूटभर. माझी पाऊण साखळी गेली, तिच्या जागी ह्यानं चिमूट ठेवली. पावकी-निमकी म्हणणारं शाळेतलं शेंबडं पोर पण हे करणार नाही. पीक म्हणा, हिस्सा म्हणा, माणसाचा शब्द म्हणा, सोळा आणे म्हणजे पुरं. हे आमच्या मांजराच्या पिलांना पण माहीत असंल.

पण कागदावर कळून भागत नाही, जमिनीवर उतरलं पाहिजे. विहिरीचा दोर काढला. नाल्याकडच्या दोन दगडांबद्दल बिरूचं पण भांडण नाही, आणि तिथं लिहिलंय २-०, दोन साखळ्या, वर आणा नाही. म्हणजे तेवढा दोर अर्धा केला की एक साखळी हातात आली. पण दोराचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. हाक मारण्यासारखं कोण? बांधापलीकडं बानाबाई शेण गोळा करत होती.

आठ दिवस आम्ही बोललो नव्हतो. मी म्हणलं, बाने, टोक धरतीस का. तिनं हात लुगड्याला पुसले आणि आली. काय मोजतोय हे कळल्यावर म्हणाली, ‘अक्का, माझीच जमीन काढून घ्यायला मलाच दोर धरायला लावतीस व्हय.’ पण सोडला नाही.

दगड ते दगड दोर ताणला, तिथं कापला, मधोमध दुमडला, लाल चिंधी बांधली. ही साखळी. मग ती साखळी दुमडली, आठ आणे. परत दुमडली, चार आणे. परत, दोन आणे. परत, एक आणा. चार घड्यांत आणा हातात. तेव्हा मला कळलं की जुन्या लोकांनी सोळा का केले. रानात उभ्या माणसाकडं दोर असतो आणि दोर दुमडता येतो. ह्यांनी आता दहा केले. दहा समान घड्या घालून दाखवा म्हणावं.

रस्त्याच्या दगडापासून पाच साखळ्या टाकल्या, वर आठ आणे, वर चार आणे. दोराचं टोक बरोबर बांधाच्या बाभळीच्या बुंध्याशी आलं. वीतभर पण इकडं तिकडं नाही.

बानाबाई बुंध्याकडं बघत बसली. मग म्हणाली, बिरूला मी सांगते, पण धाकट्यानं विहिरीच्या नावावर सोयरीक बोललीय, जरा दमानं घे.

आता तो कारकून मला पाहिजेच आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

उस्मानपुऱ्याला जाऊन आले. चतुराला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

पोरगी वाळलीय. सरूबाई, म्हणजे माझी सून, सांगत होती की जेवत नाही, कचेरीतनं उशिरा येती, विचारलं तर डोळ्यात पाणी. मला वाटतं तिला बघायला आलेल्या फुलंब्रीच्या पोराचं काहीतरी बिनसलं, नाहीतर नजर लागली. वीस वीस कागद करती म्हणल्यावर लागणारच, आणि गावभर सांगत फिरणारी मीच. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. चांगल्या तडतडल्या.

मग तिला आण्यांचं सांगितलं. सुतळी घेतली, घड्या घालून दाखवल्या. पंधराच्या पुढं आकडा नाही हे सांगितलं तेव्हा तिनं सुतळी माझ्या हातातनं घेतली आणि स्वतः दुमडली. एकदा, दोनदा, चारदा. परत उलगडली आणि परत दुमडली. चेहरा पिठासारखा झाला. म्हणाली, ‘आज्जी, मग नऊ असला तर जमीन वाढती, आणि बारा असला तर कमी होती.’ बघा, एका क्षणात ओळखलं. ह्याला म्हणतात डोकं. आणि तो कारकून.

मी म्हणलं, नुसतं आमचं नाही, त्या मेल्यानं आणखी किती घरं बुडवली असतील देव जाणे. ती उठून आत गेली. रामकिसन म्हणाला, आई, जाऊ दे, मोठ्या लोकांशी वाद नको. मी म्हणलं, कारकून मोठा कधीपासनं झाला? सोमवारी मी स्वतः कचेरीत जाणार.

१३ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत जाऊन आले. आज लिहायचं नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आता लिहिते.

चतुराची खुर्ची रिकामी होती. जुन्या कागदांच्या खोलीत आहे म्हणाले. मी सरळ सायबाकडं गेले. पोरसवदा नाही, पन्नाशीचा माणूस, बसा म्हणाला. अर्ज दिला, नक्कल दिली, दोर टेबलावर ठेवला. त्यानं आमच्या पंचावन्न नंबराचा नवा कागद मागवून घेतला. अर्ज आणि कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिला. मी पण वाकून बघितलं, म्हणलं आपल्याला काय दिसतंय.

अर्जात लिहिलेलं, सर्वे नंबर ५५. कागदावर लिहिलेलं, सर्वे नंबर ५५. खाली ५.१२. पाचही पाचांच्या शेपट्या वर वळलेल्या.

परातीतलं पीठ माझ्या डोळ्यापुढं आलं. किती दिवस मी त्या कारकुनाला शिव्या दिल्या, जेवताना, झोपताना, ह्या पुस्तकात. तिनं दिलेल्या पुस्तकात.

सायबानं वर बघून विचारलं, ‘आजी, हा अर्ज कुणी लिहून दिला?’

‘मीच लिहिला.’

‘तुम्ही? अक्षर तर छान आहे.’

‘शिकलेय मी. दोन यत्ता.’

त्यानं कोरा कागद पुढं केला आणि पेन दिला. म्हणाला, पंचावन्न लिहा बघू. मी लिहिलं. शेपट्या गेल्या वरच. जायच्याच, कारण त्या मुळात माझ्याच. सायेब तिन्ही कागद आळीपाळीनं बघत राहिला. मग हसला का खोकला ते कळलं नाही. म्हणाला, ‘मग हा मोजणीचा कागद पण तुम्हीच केलात का, आजी?’

मी म्हणलं, अर्ज परत द्या, मला काही मोजायचं नाही. तो म्हणाला, अर्ज आवक झाला, शिक्का पडला, आता परत मिळत नाही.

दोर तेवढा घेतला आणि आले. विहिरीवर जाऊन बसले. माझी का बिरूची, जिची असंल तिच्यावर.

मला कुणाचा राग करावा ते कळत नाही आणि राग तर मावत नाही. वर उर्दूत जरीब, म्हणजे साखळी, आणि आणा लिहिलेलं असंल, ते पोरीला कुणी वाचून दाखवलं नाही. जुनं एक माणूस बसवलं नाही. भराभर कर म्हणले, भराभर केलं तर टाळ्या दिल्या. आणि मी. नवे पैसे आले तेव्हा हिला मांडीवर घेऊन मीच सांगितलं होतं की आण्याचा हिशेब विसर, गेला तो, आता सगळं दहाचं, सोपं. किती हौसेनं सांगितलं होतं.

विहीर गेली तर जाऊ दे. पोरीची नोकरी नको जायला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चतुरा आज मधल्या वारीच आली. मी म्हणलं, बस, काही बोलू नको, मला माहीत आहे, सायबाला मी गुंडाळलंय, अर्ज मी लिहिला असं सांगितलंय. तुझं नाव कुठं नाही. विहिरीचं मी बघते.

ती म्हणाली, ‘आज्जी, मी सोमवारी संध्याकाळीच सायबाला सांगितलं.’

मला वाटलं माझे कान गेले. तर हिनं काय केलं होतं, त्या सुतळीच्या दिवसापासनं जुन्या कागदांच्या खोलीत बसून आपण केलेले सगळे कागद परत तपासले होते. ज्यांच्यात आणे होते ते दोनशे बारा चुकले. यादी केली, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि सायबाच्या टेबलावर ठेवली. मी म्हातारी तिच्यासाठी सरकारी कचेरीत बसून खोटं बोलले, आणि ही बया त्याच दिवशी खरं बोलून आली. इतका राग आला मला.

मी म्हणलं, कशाला? मार्च तोंडावर आलाय.

ती म्हणाली, ‘दोनशे बारा घरं आहेत. त्यांना आज्जी असंलच असं नाही.’

मग मी रडले, तिनं पाणी दिलं. मग आम्ही दोघी शिळी भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि तिनं दोन भाकरी खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज सायेब स्वतः मळ्यात आला. त्रिंबक पण, आज तोंडात पान नव्हतं. बिरू, बानाबाई, त्यांची दोन्ही पोरं, गावातली सात-आठ माणसं. चतुरा फायली घेऊन मागं उभी, मान खाली.

आधी मीटरच्या साखळीनं मोजलं, आण्यांचा हिशेब धरून. पावणेअठ्ठावन्नच्या वर थोडं. मग सायेब म्हणाला, आजी, तुमचा दोर काढा. मी काढला. म्हणाला, टोक कोण धरणार. मी म्हणलं, ही धरंल. चतुरा पुढं आली. पाच साखळ्या आम्ही दोघींनी टाकल्या, मी पुढं, ती मागं. मग तिनं दोर दुमडला, आठ आणे. परत दुमडला, चार आणे. टोक बाभळीच्या बुंध्याशी आणि मीटरची साखळी पण तिथंच.

बिरू विहिरीकडं गेला, त्रिंबकनं ठोकलेला खुंटा दोन्ही हातांनी हलवून उपटला आणि बांधावर आणून टाकला.

मग सायबानं फाईल उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आजींची तक्रार खरी निघाली, त्यांनी अर्जात कारकुनाला काढा अशी मागणी केलीय, त्याचा विचार होईल. चतुरानं मान वर केली नाही.

मी म्हणलं, ‘सायेब, त्या अर्जात माझी एक ओळ राहिली.’

‘कोणती?’

‘दोनशे बारा कागदांवर खाली सही कुणाची आहे, त्याला पण काढा. ती लिहून घ्या. नाहीतर वरची ओळ खोडा.’

त्रिंबक टोपी काढून आत बघायला लागला. सायेब माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता मला पण काढतोय. मग त्यानं पेन चतुराकडं दिला आणि म्हणाला, तुम्हीच लिहिली होती, तुम्हीच खोडा.

तिनं खोडली. एक रेघ, सरळ.

जाताना मी आणखी एक लिहून घेतलं. विहिरीच्या पाण्यात बिरूचा चार आणे हिस्सा. तीन महिन्यांचा टिकाव आहे त्याचा खाली. बिरूच्या धाकट्याची सोयरीक पण मोडायला नको. त्रिंबकनं ‘शेकडा पंचवीस’ लिहायला घेतलं, मी म्हणलं, चार आणे लिही.

१२ मार्च, रविवार

मधी लिहिलं नाही. मोसंबीला बहार आलाय.

चतुराची नोकरी पक्की झाली नाही, एक वर्ष पुढं ढकलली. दोनशे बारा कागद परत तिनंच करायचे, आणि उर्दू वाचणारे एक जुने मौलवी तिच्या टेबलाशी आणून बसवलेत. ते तिला बेटी म्हणतात आणि पानसुपारीचा डबा तिच्या कागदांवर ठेवतात. हिचं वर्ष ढकललं, मग सायबाचं काय ढकललं? तो तिथंच बसलाय, तशाच सह्या करतोय. हे मी विसरणार नाही आणि चतुरानं हे पुस्तक वाचलं तर तिनं पण विसरू नये.

मागच्या रविवारी ती माझा दोर घेऊन गेली. लाल चिंधीसकट. म्हणाली, नव्या पोरांना दाखवायचा, घड्या घालून. आता कचेरीत खिळ्याला टांगलाय म्हणे. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की दोर विहिरीचा होता हे ध्यानातच राहिलं नाही.

वीज गेली की मोटार बंद, आणि आठवडाभर टिकलेली वीज आज पहाटे गेली. आज सकाळी पोहरा हातात घेऊन काठावर उभी राहिले तेव्हा कळलं. विहीर बारा आणे माझी आणि दोर एक हात नाही. बानाबाई तिचा स्वतःचा नवा दोर घेऊन आली होती, घरचा, घोंगडीच्या लोकरीसारखा घट्ट वळलेला. तिनं रहाटावर घातला, पहिली घागर ओढली, दुसरी ओढली. तिसऱ्यांदा पोहरा काठावर ठेवून कमरेवर हात घेतले आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हणलं, ‘बाने, भरू का?’

‘भर,’ ती म्हणाली. ‘एकोणतीस वर्षं वाट बघितली ह्याची.’

पाणी गोड लागलं.